आधी पाणी, मग तेल

ज्या औषधाने प्राण वाचावयाचे किंवा हातापायांची बोटे शाबूत राहावयाची, तेच औषध एखाद्या मनुष्याने कातडी कोरडी पडते, खाजते आणि तिला कोंडा सुटतो एवढ्या सबबीवर परस्पर बंद करावे, हे ऐकणाऱ्यास विक्षिप्तपणाचे वाटेल. परंतु ज्याला रोज सकाळी आपल्या नडग्यांवर खवले उठलेले दिसतात, ज्याच्या टाचांच्या भेगांतून चालताना रक्त येते आणि ज्याला आपल्या काळवंडलेल्या चेहऱ्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरा खिळलेल्या जाणवतात, त्याच्या बाजूने विचार केला तर त्या निर्णयात मूर्खपणापेक्षा असहायताच अधिक आहे असे दिसून येईल. डॉक्टरांनी त्याला रोगाचे नाव सांगितलेले असते, गोळ्यांच्या वेळा सांगितलेल्या असतात, क्वचित पथ्यही सांगितलेले असते. त्वचेचे काय करावे हे मात्र बहुधा कोणी सांगितलेले नसते, कारण पाणी आणि तेल यांची गोष्ट वैद्यकाच्या प्रतिष्ठेला साजेल इतकी मोठी मानली जात नाही. माझे मत असे की ती मोठीच आहे, आणि ती नीट न सांगितल्याने जितकी औषधे अर्ध्यावर सुटतात तितकी कडू चवीनेही सुटत नसावीत.

त्वचा रुक्ष करणाऱ्या औषधांची यादी लहान नाही. मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन, सोरायसिसवरचे ॲसिट्रेटिन, रक्तदाबासाठी आणि हृदयविकारात दिल्या जाणाऱ्या लघवीच्या गोळ्या, कोलेस्टेरॉल उतरविणारी स्टॅटिन वर्गातील औषधे, कर्करोगावरची एर्लोटिनिबसारखी नवी औषधे, ही त्यांपैकी काही ठळक नावे. पण कोरड्या त्वचेचा प्रश्न ज्या रोगात सर्वांत निकराने हाताळला गेला, आणि ज्याच्या अनुभवातून इतर सर्वांना शिकता येण्यासारखे आहे, तो रोग म्हणजे कुष्ठरोग, आणि ते औषध म्हणजे क्लोफाझिमिन. महाराष्ट्राचा या रोगाशी असलेला संबंध जुना आणि काहीसा अभिमानास्पदही आहे. मुंबईत वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय १८९० पासून उभे आहे. वर्ध्यालगत दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये महारोग्यांच्या सेवेचे काम आरंभिले. अमरावतीस शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन झाले, वरोऱ्यास बाबा आमट्यांचे आनंदवन झाले. सेवाग्रामच्या आश्रमात तर, संस्कृताचे पंडित असलेल्या परचुरे शास्त्र्यांच्या रोगजर्जर अंगाला खुद्द गांधीजी आपल्या हाताने मालीश करीत असत. लोकांच्या स्मरणात त्या दृश्यातील करुणा तेवढी राहिली. परंतु त्या मर्दनात रोग्याच्या कातडीच्या दृष्टीने शुद्ध वैद्यकीय तथ्यही होते, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही.

त्या काळी या रोगावर तेल हेच औषध होते. कोकणात आणि सह्याद्रीच्या रानांत ज्याला कडू कवठ म्हणतात त्या वृक्षाच्या बियांचे तेल अंगाला चोळीत, पोटात देत आणि पुढे पुढे सुईने कातडीतही टोचीत. टोचण्याच्या वेदना विलक्षण आणि गुण बेताचा. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सल्फोन वर्गातील औषधे आली, त्यांतील डॅप्सोनने रोगाचा पाडाव होईल असे वाटू लागले. परंतु जंतूंनी त्याही औषधाला जुमानणे सोडले. इकडे डब्लिन येथे व्हिन्सेंट बॅरी आणि त्यांचे सहकारी १९५० नंतरच्या दशकात क्षयरोगावर औषध शोधीत असता त्यांच्या हाती एक लालभडक रंगद्रव्य लागले. क्षयावर त्याचा तेव्हा म्हणावा तसा उपयोग झाला नाही; पण १९६२ मध्ये ब्राउन आणि होगरझेल या डॉक्टरांनी नायजेरियात ते कुष्ठरोग्यांना देऊन पाहिले आणि ते लागू पडले. हेच क्लोफाझिमिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ मंडळाने १९८१ मध्ये रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही तिन्ही औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. आज प्राथमिक आरोग्य केंद्रातून फुकट मिळणाऱ्या मासिक पाकिटात तीच असतात. ज्याच्या अंगात जंतूंची संख्या मोठी अशा प्रौढ रोग्यास महिन्यातून एकदा, कर्मचाऱ्याच्या समक्ष, ६०० मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन आणि ३०० मिलिग्रॅम क्लोफाझिमिन घ्यावे लागते, आणि घरी रोज १०० मिलिग्रॅम डॅप्सोन व ५० मिलिग्रॅम क्लोफाझिमिन. अशी १२ पाकिटे पुरी करावयाची असतात.

रंगद्रव्यच ते, तेव्हा ते आपला रंग दाखविल्यावाचून राहत नाही. क्लोफाझिमिन शरीरातील मेदात आणि त्वचेतील पेशींत साठते. काही महिन्यांत वर्ण तांबूस, मग तपकिरी, आणि जेथे चट्टे असतील तेथे काळसर होतो. याच्याच जोडीला कातडी कोरडी पडते, विशेषतः नडग्यांवर आणि हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागावर, आणि तिचे पापुद्रे निघू लागतात. हिवाळ्यात, त्यातही विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या थंडीत, ही अवस्था अधिकच उग्र होते. रोगी म्हणतो, "गोळ्या गरम पडतात," आणि उष्णता शमविण्यासाठी गुलकंद, सब्जा, ताक असे उपाय करतो. त्या पदार्थांनी नुकसान काही नाही, पण त्वचेला त्यांचा उपयोगही नाही. आणि गुण येत नाही असे पाहून तो एक दिवस गोळ्याच तहकूब करतो. ज्या घरातून रोग लपविलेला असतो, तेथे चेहऱ्याचा बदललेला वर्णच चुगली करतो की काय ही धास्ती त्यात भर घालते. हल्ली हेच क्लोफाझिमिन औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरही, कुष्ठरोगातल्यापेक्षा मोठ्या मात्रेत, दिले जाते. म्हणजे ज्या व्याधीसाठी ते निर्माण झाले तिच्याकडे ते फिरून परत आले आहे, आणि कोरड्या कातडीची तक्रार आता क्षयरोग्यांच्या तोंडूनही ऐकू येते.

येथे एक भेद प्रथमच सांगून ठेवला पाहिजे. कुष्ठरोग्याच्या अंगी कोरडेपणा दोन निराळ्या वाटांनी येतो. एक वाट औषधाची, जी वर सांगितली. दुसरी रोगाची: कुष्ठाचे जंतू नसांमध्ये ठाण मांडतात, आणि स्पर्शाच्या नसांबरोबरच घामाच्या ग्रंथींना हुकूम पोहोचविणारे सूक्ष्म तंतूही मरतात. तळहात आणि तळपाय यांच्या ठिकाणी तेलाच्या ग्रंथी निसर्गतःच नाहीत. तेथे असतो तो केवळ घाम. तोही थांबला की त्या जाड कातडीला ओलावा देणारे काहीच उरत नाही. ती लाकडी होते, सांध्यांच्या घड्यांवर तडकते, आणि तेथे संवेदनाच नसल्यामुळे मनुष्य त्या भेगेवर चालत राहतो. भेगेतून जंतू शिरतात, जखम हाडापर्यंत जाते, आणि बोटे आखूड होतात. वेल्लोर येथे दीर्घकाळ काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी जगाला हेच पटवून दिले की रोग बोटे खात नाही. वेदना नाहीशी झाल्यामुळे मनुष्य ती नकळत झिजवतो, भाजतो आणि कापून घेतो. या सर्व विनाशाच्या साखळीतील पहिलीच कडी जर कोरडेपणा असेल, तर ती तोडण्याचे काम कमी प्रतिष्ठेचे कसे?

आता त्वचेच्या रचनेकडे वळू. त्वचेचा जो सर्वांत वरचा थर आपणांस दिसतो तो मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. अंगाच्या बहुतेक भागावर या पेशींचे पंधरा-वीस पदर एकावर एक बसलेले असतात, आणि त्यांच्या सांध्यांत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ल अशा स्निग्ध द्रव्यांचे लिंपण असते. पेशींच्या आत यूरिया, लॅक्टिक आम्ल आणि अमिनो आम्ले अशी पाणी धरून ठेवणारी द्रव्ये असतात. या थरातील पाणी घटत घटत दहा टक्क्यांच्या खाली गेले की तो ताठ होतो आणि तडकू लागतो. म्हणजे त्वचा कोरडी पडते ती तेल संपल्याने की पाणी संपल्याने, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या तर्कावर सोडण्याजोगा नव्हता, आणि अमेरिकेत अर्व्हिन ब्लँक या संशोधकाने तो १९५२ मध्ये फार साध्या प्रयोगाने सोडविला. त्याने पायाच्या घट्ट्याचे वाळलेले तुकडे घेऊन निरनिराळ्या तेलांत आणि मलमांत बुडवून ठेवले. ते कितीही काळ ठेवले तरी काचेसारखे ठिसूळच राहिले. पाण्याशी संबंध येताच मात्र ते लवचीक झाले. आपल्या स्वयंपाकघरातील कोणतीही गृहिणी यात नवल मानणार नाही: कोरड्या पोह्यांवर वाटीभर तेल ओतले तरी ते मऊ होत नाहीत, त्यांना पाणीच शिंपडावे लागते, तेलाचे काम पुढचे. त्वचेच्या बाबतीत तेलाचे ते पुढचे काम म्हणजे आत शिरलेले पाणी उडून जाऊ न देणे.

कुष्ठसेवेतील कार्यकर्ते आपल्या रोग्यांना जे रोज करावयास लावतात ते याच तत्त्वावर बसविलेले आहे. एका घमेल्यात किंवा बादलीत घोटे बुडतील इतके साधे, थंडच म्हणावे असे पाणी घ्यावयाचे आणि त्यात हात वा पाय वीस ते तीस मिनिटे ठेवावयाचे. पाणी गरम घ्यावयाचे नाही, ही सूचना शिष्टाचाराची नव्हे. बधिर पायाला ऊन पाणी आणि उकळते पाणी यांतील फरक कळत नाही, आणि फोड उठल्यावरच काय झाले ते उमगते. गरम घेणे भागच पडले तर ज्याच्या हाताला संवेदना आहे अशा घरातील दुसऱ्या माणसाने ते आधी पाहावे. त्वचा पुरेशी भिजली म्हणजे टाचेच्या कडेवरची आणि घट्ट्यावरची मेलेली कातडी वज्रीने किंवा खरखरीत दगडाने हळूहळू घासून काढावयाची. पाते, चाकू, नराणी यांचा उपयोग करावयाचा नाही; घाई झाली तरी नाही. मग पाणी निथळू द्यावयाचे, बोटांच्या बेचक्या तेवढ्या फडक्याने टिपून कोरड्या करावयाच्या, आणि बाकीचा पाय ओलसर असतानाच त्यावर तेल किंवा व्हॅसलिन चोळावयाचे. आणि पाय हातात घेतलाच आहे तर तळवा उजेडात धरून काटा, फोड, लाल डाग, नवी भेग काही दिसते का ते पाहावयाचे. डोळ्यांनी पाहणे हेच बधिर पायाचे दुखणे होय. त्याला दुसरे दुखणे उरलेले नसते.

यात एक गोष्ट आमच्या रूढीच्या अगदी उलट आहे, आणि म्हणूनच ती वारंवार सांगावी लागते. आपल्याकडे अभ्यंग म्हणजे आधी तेल, मग उटणे, मग ऊन पाण्याचे स्नान. दिवाळीच्या पहाटे निरोगी माणसाने हा सोहळा खुशाल करावा, त्याची त्वचा तो सोसू शकते. पण औषधाने ज्याच्या त्वचेतील स्निग्धांश आधीच उणावला आहे, त्याने तेल लावून ते उटण्याने काढून टाकावे आणि वर कढत पाण्याने उरलासुरला अंशही धुऊन घालवावा, यासारखा तोट्याचा व्यवहार नाही. त्याच्यासाठी क्रम फिरविला पाहिजे: आधी कोमट वा थंड पाण्याचे थोडक्यात स्नान, मग टॉवेलने घासण्याऐवजी टिपणे, आणि दोन-तीन मिनिटांच्या आत, अंग दमट असतानाच, तेल किंवा मलम. ज्यांना फरक पडत नाही असे वाटते त्यांपैकी पुष्कळांचा दोष तेलाच्या निवडीत नसून वेळेत असतो. अंग वाळून खडखडीत झाल्यावर अर्ध्या तासाने तेल लावले तर ते कोरडेपणावरच झाकण घालते.

तेल कोणते घ्यावे याबद्दल लोक वाद फार घालतात, आणि खरे सांगावयाचे तर तो वाद एवढ्या योग्यतेचा नाही. पाणी अडविण्याच्या कामात पांढऱ्या व्हॅसलिनची बरोबरी कोणतेही खाद्य तेल करू शकत नाही. १८७२ मध्ये त्याचे पेटंट घेतले गेले तेव्हापासून आजवर त्याहून सरस आणि स्वस्त असे काही निघालेले नाही. ते चिकट आहे, धूळ धरते, उन्हाळ्यात नकोसे होते, हे आक्षेप खरे आहेत. खोबरेल चांगले, त्याने कोरड्या त्वचेला आराम पडतो हे पद्धतशीर चाचण्यांतही दिसले आहे. कोकणात आणि गोव्यात टाचांच्या भेगांवर कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, म्हणजेच मुठेल किंवा भिरंडेल, वितळवून भरण्याची चाल आहे, आणि ती सर्वस्वी शहाणपणाची आहे: ते साध्या हवेत घट्ट राहते आणि भेगेत टिकून बसते. मात्र वितळविलेले मुठेल बधिर टाचेत कढत ओतू नये, निवू द्यावे. मोहरीचे तेल मात्र टाळावे. त्वचेचे रक्षण करणारा थर त्याने दुबळा होतो. ज्यांना परवडेल त्यांनी नडग्यांवर खवले दाट असल्यास दहा टक्के यूरिया असलेले मलम वापरावे. यूरिया पाणी खेचून धरतो आणि मेलेले पापुद्रे सैल करतो, पण उघड्या भेगेवर तो झोंबतो, म्हणून तेथे आधी व्हॅसलिनने भेग भरून येऊ द्यावी.

साबणाविषयी चार शब्द. अंगाचा साबण क्षारीय असतो, त्वचा किंचित आम्ल असते. साबणाने मळाबरोबर सांध्यांतील स्निग्ध लिंपणही निघून जाते. औषध चालू असेतो काखा, जांघा, पावले एवढ्यांनाच साबण लावावा. हातापायांवर रोज फेस काढण्याने कोणतेही पुण्य लागत नाही. आंघोळीच्या पाण्यात डेटॉलचे झाकण ओतण्याची सवय तर सोडलीच पाहिजे. अंगाचा वर्ण काळवंडला म्हणून बाजारातून गोरेपणाचे मलम आणून चोळणारे लोक याहून मोठ्या संकटाला आमंत्रण देतात: त्यांपैकी कित्येक मलमांत स्टेरॉइड असते, त्याने कातडी पातळ होते, आणि क्लोफाझिमिनचा रंग मुळीच हटत नाही. आणखी एक इशारा, जो घरोघरी ठाऊक नाही: व्हॅसलिनसारखे मलम वारंवार लागून ज्या कपड्यात मुरले आहे तो कपडा चट्कन पेट घेतो, आणि धुतल्यानंतरही तो धोका पुरता जात नाही. चुलीपुढे किंवा शेगडीपुढे काम करणाऱ्या बाईने तेलकट पदर, मोजे, फडकी यांची काळजी घ्यावी.

कुष्ठरोगाच्या पलीकडे पाहू लागलो की हीच रीत थोड्या फेरफाराने सर्वत्र लागू पडते. आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या तरुण मुलामुलींची गोष्ट घ्या. हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातील औषध आहे. अमेरिकेत १९८२ मध्ये त्याला परवानगी मिळाली, आणि चेहऱ्यावर कायमचे व्रण ठेवणाऱ्या मुरुमांवर त्याच्या तोडीचे दुसरे नाही. ते तेलाच्या ग्रंथींना संकुचित करते. मुरूम त्याने जातात आणि कोरडेपणाही त्यानेच येतो. ओठ तर जवळजवळ प्रत्येकाचे उलतात, इतके की ओठ मुळीच कोरडे नसतील तर मुलगा गोळी घेतो की नाही अशी शंका डॉक्टरांना येते. ओठांना जीभ लावून ओलावा देण्याची खोड लागली की ते अधिक फुटतात, कारण लाळ उडून जाताना आतला ओलावाही नेते. त्यांना दिवसातून अनेकदा व्हॅसलिन लावावे, नाकाच्या आतही बोटाने हलकेसे लावावे म्हणजे घोळणा फुटणे टळते. खरखरीत स्क्रब, वॅक्सिंग, मुलतानी माती, लिंबाचा रस हे सर्व त्या काळात बंद. गोळी पोटात काही स्निग्ध अन्न असताना घेतली म्हणजे नीट अंगी लागते. कोरडेपणा मात्रेवर अवलंबून असतो, तेव्हा असह्य झाल्यास डॉक्टर मात्रा कमी करू शकतात. गोळी परस्पर सोडण्याऐवजी ही गोष्ट त्यांच्या कानावर घालणे हाच शहाणपणा. या औषधाने गर्भात भयंकर व्यंगे उत्पन्न होतात, म्हणून गर्भवतीने ते कदापि घेता कामा नये, आणि गर्भ राहण्याचा संभव असलेल्या स्त्रीने डॉक्टरांच्या देखरेखीवाचून त्याला हातही लावू नये; मैत्रिणीच्या डबीतील उरलेली गोळी घेऊन पाहण्याचा प्रकार तर अक्षम्य होय.

वृद्धांची गोष्ट निराळी. साठीनंतर त्वचा तशीच कोरडी पडू लागते. त्यात लघवीची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, कधी मधुमेह, कधी मंदावलेली थायरॉइड ग्रंथी, कधी मूत्रपिंडाचा विकार अशी अनेक कारणे एकत्र येतात, आणि आजोबा सगळा दोष शेवटी सुरू झालेल्या गोळीच्या माथी मारतात. तो दोष तिचाच असेल असे नाही. नवी खाज महिनाभर टिकली तर रक्त तपासून घ्यावे. अशा वृद्धांना घरची मंडळी प्रेमाने "भरपूर पाणी प्या, त्वचा सुधारेल" असा आग्रह करतात. तहान लागेल तेवढे पाणी प्यावेच, पण प्यालेल्या पाण्याने त्वचेच्या वरच्या थराचा कोरडेपणा जात नाही, आणि ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे त्यांना तो आग्रह घातकच ठरेल. मधुमेह्यांसाठी आणखी एक अपवाद: कुष्ठरोग्यांना शिकविलेली अर्धा तास पाय भिजविण्याची रीत त्यांनी उचलू नये. त्यांच्या पायाची कातडी फार भिजली तर बोटांच्या बेचक्यांत बुरशी धरते आणि जखमा होतात. पाय धुवावेत, टिपावेत, आणि बेचक्या वगळून मलम लावावे.

कोरडेपणा हा सोसण्याचा आणि सांभाळण्याचा विषय असला, तरी औषधाने होणारा प्रत्येक त्वचाविकार त्या सदरात पडत नाही. डॅप्सोन सुरू केल्यापासून पहिल्या दीड-दोन महिन्यांत ताप, अंगभर पुरळ, डोळे पिवळे होणे अशी लक्षणे दिसली तर ती त्या औषधाची गंभीर प्रतिक्रिया असू शकते, आणि तेथे तेल चोळीत बसणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. कोणत्याही औषधानंतर तोंडात, डोळ्यांत किंवा गुप्तांगावर फोड आले, कातडी दुखून सोलल्यासारखी निघू लागली, किंवा सर्वांग लाल होऊन खवले झडू लागले, तर त्याच दिवशी औषध थांबवून इस्पितळ गाठावे आणि सोबत सर्व गोळ्यांची पाकिटे न्यावीत. खवले झडणे हे लक्षण दोन्हीकडे आहे, यात गोंधळाचे कारण आहे खरे. पण साध्या कोरडेपणात ताप नसतो, फोड नसतात, तोंड आलेले नसते, आणि ओलावा दिला की आठवड्याभरात काहीतरी उतार दिसतो.

राहता राहिला मुदतीचा प्रश्न, आणि रोग्याच्या मनात तोच सर्वांत वर असतो. क्लोफाझिमिन शरीरातून सावकाश जाते. दीर्घकाळ घेतलेल्या औषधाचा साठा निम्म्यावर येण्यास सुमारे ७० दिवस लागतात, म्हणून १२ वे पाकीट संपले की वर्ण दुसऱ्या महिन्यातच उजळेल अशी आशा बाळगणारा निराश होतो. काळेपणा आणि नडग्यांवरचे खवले हळूहळू, काही महिन्यांत, कोणाचे वर्ष उलटल्यावर, पण निघून जातात. ज्या हातापायांच्या नसा मेल्या आहेत त्यांचा कोरडेपणा मात्र औषध संपल्याने जात नाही. तो जन्माचा आहे, आणि घमेले, वज्री व तेल हीही मग जन्माची होतात. रोग्याला हे दोन कोरडेपण निरनिराळे आहेत हे कोणी सांगत नाही, म्हणून एक जण सुटणारा रंग कायमचा समजून गोळ्या टाकतो, आणि दुसरा, "कोर्स संपला, बरा झालो" असे ऐकून, न सुटणाऱ्या कोरडेपणावरचे तेल बंद करतो आणि दोन वर्षांनी तळव्याला जखम घेऊन परत येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचारी बॉलपेनच्या टोकाने तळहात आणि तळपाय यांची संवेदना तपासून कागदावरील आकृतीत खुणा करतात. शेवटचे पाकीट देताना तीच आकृती रोग्यासमोर धरून, कोणत्या जागचे तेल पुढेमागे थांबविता येईल आणि कोणत्या जागचे कधीच थांबवावयाचे नाही, हे त्याच्या घरच्या माणसाला बोटाने दाखवून सांगितले, तर त्याला लागणारा वेळ पाच मिनिटांहून अधिक नाही.